अक्काची करडगी

अक्का, परवा तुला माती दिली. मठाच्या स्वामींनी तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग सोडवून डाव्या तळहातावर ठेवलं, तुझी बोटं मिटवली, आणि रिकामी झालेली करडगी माझ्या हातात दिली. दाजी समोर उभे होते, पण नवरा असून त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "मल्लिनाथाला द्या. त्यानंच केलती ती बहिणीसाठी." तेव्हापासून ही चांदीची डबी माझ्यापुढं पडून आहे. उचलून ठेवायची म्हणलं तर कुठं ठेवायची ते सुचत नाही. लई दमलोय अक्का. रडायलासुद्धा अंगात ताकद लागते हे मला ठाऊक नव्हतं.

आलं-गेलं माणूस 'सुटली बिचारी' म्हणतं. मला असली चीड येते! सुटली म्हणजे काय? तू काय दावणीला बांधलेली होतीस? पण नुसती मान हलवतो. दाजी चहा ठेवतात, लोक पितात, जातात. खरं सांगू का, मला तुझ्याशी भांडायचं होतं अजून. तीन वर्षं झाली, आपलं एक भांडण अर्ध्यावर पडलंय, आणि तू बोटं मिटून बसलीस.

ते भांडण ह्या डबीचंच. मी तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून लागलो ते तुझ्यामुळं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तू मला वाढवलंस, आणि सगळं घर नको म्हणत असताना उर्दू मदरशात घातलंस. 'राज्य निजामाचं हाय, तर निजामाची अक्षरं यायला पायजेत माझ्या तम्माला,' असं तू आजीला सुनावलं होतंस; मी तुझा तम्मा, धाकटा भाऊ. म्हणून पहिल्या पगारात तुझ्यासाठी करडगी करायची हे मी आधीच ठरवलं होतं. उमरग्याच्या सोनाराकडं तीन दिवस ठिय्या देऊन बसलो. चौकोनी, जाड पत्र्याची, चार कोपऱ्यांना चार टोकं काढलेली. तू हातात घेऊन म्हणलीस, "एवढी जड कशाला रं? मान मोडंल माझी." आणि त्याच सकाळी लिंग फडक्यातनं काढून तिच्यात ठेवलंस.

नंतर कितीतरी वर्षांनी, जर्मनच्या लढाईच्या दिवसांत, एकदा दसऱ्याला जेवायला आलो तर तुझ्या गळ्यात करडगी नव्हती. पांढऱ्या फडक्याची गाठ दिसली. मी ताटावरनंच विचारलं, "काय, चांदी नको झाली व्हय?"

"तसं न्हाई रं तम्मा. जरा टोचती."

"इतकी वर्षं टोचली न्हाई ती?"

मी हात धुतला आणि उठलो. असा मी. कचेरीत साहेबाच्या शिव्या मुकाट खाणारा माणूस तुझ्यापाशी मात्र राजासारखा रुसायचो. भाऊबीजेलासुद्धा आलो नाही. तू निरोप धाडलास, मी कामाचं निमित्त सांगितलं. संक्रांतीला आलो तर करडगी गळ्यात होती. मला कसलं बरं वाटलं! जिंकल्यासारखा दोनदा मागून भात खाल्ला. तू वाढत होतीस, डावा हात अंगाशी धरून. ते मला दिसलं होतं अक्का. दिसलं होतं, पण मी खात बसलो.

चैत्रात दाजींनी मला त्यांच्या दुकानामागं नेलं आणि खाली बघत सांगितलं की तुझ्या डाव्या छातीत गाठ आहे. चिंचोक्याएवढी होती, आता सुपारीएवढी झालीय. वर्ष होत आलं असंल. मी विचारलं, नेमकं कुठं? ते म्हणाले, "करडगी जिथं बसती तिथंच."

झालं. पुढं कुणी काही शोधायचं कारणच राहिलं नाही. लिंग जिथं टेकतं तिथंच गाठ, म्हणजे टोकांनी घासून घासून आली. दाजींना तसंच वाटलं, शेजारणींना तसंच वाटलं, स्वामींनाही वाटलं. आपल्यातल्या कुठल्याही घरात हेच म्हणले असते. मी करडगी घेऊन सोनाराकडं पळालो. त्यानं चारी टोकं कापली, कोपरे घासून गोल केले. मग आपण वाट बघत बसलो, की आता टोचत नाही तर गाठ बसंल. बरोबर दोन महिने. दर आठवड्याला मी विचारायचो, "कमी हाय का?" आणि तू म्हणायचीस, "हाय की जरा कमी." माझं तोंड बघून म्हणायचीस, हे आता कळतंय.

मग मी तुला हकीमसाहेबांकडं नेलं. त्यांनी स्वतः हात लावला नाही. म्हाताऱ्या आईला आत पाठवलं. तिनं चाचपून बाहेर येऊन त्यांच्या कानात सांगितलं. हकीमसाहेबांनी तुला आईजवळ आतच बसवलं. मग मला एकट्याला म्हणाले, "मियाँ, सरतान लगता है. मेरे पास इसका इलाज नै. मलम-पट्टी में दिन नक्को गँवाओ. चीरनेवाला ढूँढो, और अच्छा ढूँढो." सरतान म्हणजे कॅन्सर, एवढं मला कळत होतं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. चार महिने औषध देत बसला असता तर आपण त्याच्याकडंच खेटे घातले असते.

पण अच्छा म्हणजे कोण? मी कचेरीतला माणूस. मला कागदावर शिक्का दिसला की विश्वास बसतो. म्हणून आधी एका मोठ्या सरकारी दाक्तराकडं गेलो, चांगली वशिल्याची चिठ्ठी घेऊन. दोन दिवस व्हरांड्यात बसल्यावर आपला नंबर लागला. तू आत पाय ठेवलास तसं त्यानं तुझ्या गळ्याकडं बोट करून सांगितलं, "पैले वो निकालो." तू उभीच राहिलीस. लिंग अंगावरनं उतरवायचं म्हणजे आपल्या लिंगायतांत जीव देण्यासारखं, हे त्याला कुणी सांगायचं? मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तू पदर सावरून बाहेर आली होतीस. परतीला मोटार मिळाली. ती कोळशाच्या धुरावर चालायची, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. तुलाही उतरावं लागलं. चढाच्या वर उभी राहून तू म्हणलीस, "तम्मा, आता माझं ऐक. तू दाक्तर शोधू नगंस. त्याच्या हातनं कापून घरी आलेली बाई शोध. मी आधी तिला बघणार."

मी म्हणलं, ही काय तऱ्हा? दाक्तराची पदवी बघायची का पेशंट? तू म्हणलीस, "पदवी तू बघ. मी बाई बघती."

अगं, पण अशी बाई शोधायची कशी? कचेरीत दरखास्त घेऊन येणाऱ्याला काय विचारू? बाप्या माणसानं बायकांच्या छातीचं नाव तरी कसं काढावं? मी आपला 'घरात एकाला छातीचं दुखणं हाय' म्हणायचो, आणि लोक मला खोकल्याची औषधं सांगायचे. अडुळसा, मध, ज्येष्ठमध, एकानं तर कबुतराचं रक्त सांगितलं. दोन आठवडे मी अख्ख्या तालुक्याचा खोकला ऐकून घेतला. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढं माझा धीर सुटला. डोळे भरून आले आणि सरळ सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "मग नळदुर्गाच्या रहिमतबीला का इचारत न्हाई? बांगड्या भरती ती. तिचं तसलंच झालतं, सोलापुरात कापलं. अजून पाटी डोक्यावर घेऊन फिरती."

नळदुर्गाला रहिमतबीच्या घरी गेलो तो दिवस आठवतो? तिनं मला अंगणात बाजेवर बसवलं, तुला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी बसलो. आधी काचेची किणकिण ऐकू आली, मग काहीच नाही, आणि मग तुझं हसणं. अक्का, कितीक महिन्यांनी तू हसत होतीस! दार उघडून आलीस तेव्हा दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"चल. सोलापूरला कवा जायचं?"

"काय बोललात आत?"

"बायकांचं हाय. तुला काय करायचंय?"

मी मनात धरून चाललो की तिनं तुला वण दाखवला, तो बघून तुझी भीती गेली. बरोबर हिशेब लावला म्हणून स्वतःवर खूशही झालो.

सोलापूर म्हणजे इंग्रजाचा मुलूख, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. ह्या खेपेला दाजीही बरोबर होते. शिपायानं तुझं गाठोडं उलगडून भाकरीसुद्धा मोजून बघितल्या. पलीकडं गेलो तर पुन्हा तेच. दवाखान्यात पोचलो तेव्हा मला माझं नाव सांगायचासुद्धा कंटाळा आला होता. पण त्या दाक्तरीणबाई धारवाडकडच्या निघाल्या. त्यांनी तुझ्या तोंडाकडं बघितलं, गळ्यातल्या करडगीकडं बघितलं आणि कन्नडात बोलायला लागल्या. "अंजब्याड अव्वा." भिऊ नको, आई. त्या 'काढ' म्हणल्याच नाहीत. म्हणल्या, पूजेला घेतेस तसं लिंग डाव्या हातावर घे, तोवर मी तपासते. इतकं साधं होतं ते. लिंग तुझ्या अंगावरच राहिलं, आणि आपण त्यापायी किती फिरलो!

बाहेर येऊन बाईंनी मला, दाजींना आणि तुला एकत्र बसवलं. बायकांना बाहेर काढून पुरुषांना सांगायची रीत त्यांच्याकडं नव्हती. म्हणल्या, "गाठ वाईट आहे. ती बाजू सगळी काढावी लागंल. उशीर झालाय, पण हात टेकावेत इतका नाही. पुढं किती वर्षं मिळतील ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." अक्का, शिक्क्याकडं बघायची माझी सवय त्या दिवशी सुटली. 'मला माहीत नाही', 'माझ्याकडं इलाज नाही' असं म्हणणारा माणूस मला इतक्या दिवसांत फक्त दोनदा भेटला, एक हकीमसाहेब आणि एक ह्या बाई.

मी काहीतरी विचारणार, तर तूच मध्ये बोललीस. "ते ऱ्हाऊ द्या बाई. आधी माझ्या भावाला सांगा, गाठ ह्या डबीमुळं आली का?"

बाई गोंधळल्या. मग त्यांनी करडगी हातात घेतली, घासलेल्या कोपऱ्यांवरनं अंगठा फिरवला आणि मला म्हणल्या, "हिचा काही संबंध नाही. गळ्यात दोरासुद्धा नसलेल्या बायकांना होतंय हे."

आणि मी काय केलं? व्हरांड्यात येऊन तुझ्यावर ओरडलो. "तुझं अंग कापायची गोष्ट चाललीय आणि तुला डबीची पडलीय? तूच बाईंना आधी सांगून ठेवलं असशील, माझ्या भावाची समजूत घाला म्हणून!"

"मी कशाला सांगू?"

"मला कळतंय सगळं."

"तुला काय कळतंय रं तम्मा," तू म्हणलीस आणि भिंतीला टेकून बसलीस. "घालू ना आता करडगी?"

"नको. फडकं बांध."

तिथंच ते भांडण थांबलं. ऑपरेशनच्या वेळी बाईंनी लिंग तुझ्या तळहातावर ठेवून वरनं पांढरी पट्टी गुंडाळली, कारण भूल दिल्यावर मूठ सुटते. तू शुद्धीवर आलीस तेव्हा आधी ती मूठ छातीकडं नेलीस. त्या बाजूला काही राहिलेलं नव्हतं. तू छताकडं बघत पडलीस आणि मला म्हणलीस, "भाकरी खाल्लीस का?"

दोन वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे तुझा हात सुजायचा, दोरीवर लुगडं टाकता यायचं नाही, थंडीत वण ओढायचा. पण तू भाकरी थापायचीस, आणि रहिमतबी उमरग्याच्या बाजाराला आली की तुझ्याकडंच उतरायची. दोघी आत बसून खिदळायच्या. मला ह्या दोन वर्षांबद्दल कुणाचे तरी पाय धरावेसे वाटतात. पण दर खेपेला माझं लक्ष तुझ्या गळ्यातल्या फडक्याकडं जायचं. तू विचारायचीस, "घालू का रं?" आणि मी म्हणायचो, "नको." दाक्तरीणबाईंचं खरं मानलं असतं तर 'घाल' म्हणालो असतो. मी मानलं नव्हतं. ती चार टोकं मीच करवून घेतली होती सोनाराकडनं, रुसलोही मीच होतो, आणि ती करडगी पुन्हा घालायला लावणारा मीच. त्याबद्दल एकदाही तुझी माफी मागितली नाही. शब्द ओठाशी यायचे आणि मी दुसरंच काहीतरी विचारायचो, शेंगा निघाल्या का, म्हैस व्याली का.

मग तुझी पाठ दुखायला लागली आणि नेमका तेव्हाच रस्ता बंद झाला. हिकडं रझाकारांची धामधूम, तिकडं सरहद्दीवर छावण्या. मोटारी बंद. मी कचेरीतनं परवान्यासाठी चार अर्ज केले. सगळे माझ्याच अक्षरात, माझ्याच मेजावरनं पुढं गेले आणि कुठं गेले कुणास ठाऊक. अठ्ठावीस कोसांवर बाई होत्या, आणि आपण वरच्या शेतातनं सोलापूरच्या दिशेला बघत बसलो. रहिमतबी आडवाटेनं दोनदा जाऊन आली. बांगड्यांच्या पाटीत, काचेच्या खाली, बाईंनी दिलेलं दुखण्यावरचं औषध. हिकडच्यांनीही अडवलं तिला, तिकडच्यांनीही. ती म्हणली, "दोन्हीकडल्यांना मी दुसऱ्याचीच वाटती." त्या औषधावर तुला शेवटचे दिवस झोप लागली.

तुझे पंधरा-वीस दिवस उरले असतील, तेव्हा तू मला म्हणलीस, "करडगी आण." ह्या वेळी विचारलं नाहीस, सांगितलंस. मी आणली. लिंग आत ठेवून मी दोरा बांधला.

"टोचती का?" मी विचारलं.

"न्हाई."

"खरं?"

"तुझी कटकट तेवढी टोचती," तू म्हणलीस. त्याच्यानंतर तू लई बोलली नाहीस.

काल रहिमतबी आली. रस्त्यात अडकली म्हणून मातीला पोचली नव्हती. उंबऱ्यात बसून रडली, मग पाणी प्याली. माझ्यापुढं करडगी बघून तिनं ती ओढणीच्या टोकानं पुसली. मी विचारलं, "रहिमतबी, त्या दिवशी दार लावून तू अक्काला वण दाखवलास, तेव्हा ती का हसली?"

ती म्हणली, "वण? तिनं कुठं बघितला, भाऊ! मी चोळी सोडाय लागले तर माझा हात धरला. म्हणली, ते ऱ्हाऊ दे. मला एवढंच सांग, तुला झालं तवा तुझ्या गळ्यात काय हुतं? मी म्हणलं, काय बी नव्हतं, साधा ताईतसुद्धा न्हाई. तसं तिला हसू फुटलं. म्हणली, मग दाक्तरीणबी असंच सांगंल का? मी म्हणलं, सांगंल की. तवा म्हणली, मग मी जाती. माझा भाऊ चैत्रापासनं ह्या डबीपायी झुरतोय. माझं तर तो ऐकायचा न्हाई, दाक्तराचं तरी ऐकंल."

अक्का!

मी तुझ्यासाठी गावोगाव दाक्तर शोधत हिंडलो. तू मात्र सुजलेली गाठ घेऊन ढकलमोटारीनं, दोन नाके ओलांडून सोलापूरला गेलीस, ते मला दाक्तर दाखवायला. बाईंनी मला सांगितलं, आणि मी तुझ्यावरच ओरडलो. पुढं तीन वर्षं तू 'घालू का' म्हणून विचारत राहिलीस. ते चांदीसाठी नव्हतं. मला दिलेलं औषध लागू पडलं का तेवढं बघत होतीस.

आज सकाळी आंघोळ करून बसलो. माझ्या गळ्यातलं इष्टलिंग फडक्यातनं काढलं आणि तुझ्या करडगीत ठेवलं. दोरा जुनाच ठेवलाय, तुझ्या हातच्या गाठी असलेला. दाजींनी बघितलं आणि माझ्यापुढं चहा आणून ठेवला.

चुकलं माझं, अक्का. जड आहे ही, मान मोडंल म्हणलीस ते खोटं नव्हतं. पण टोचत नाही.